वाघ पाहण्याचा हक्क

अरण्याची वाट धरणें हें पूर्वीं आयुष्याच्या तिसऱ्या आश्रमाचें काम समजलें जात असे. मुलगा मिळवता झाला, नातवाचें तोंड पाहिलें, म्हणजे गृहस्थानें घरदार सोडून वनांत जावें आणि परत येण्याचा विचार करूं नये, अशी ती व्यवस्था होती. ती प्रत्यक्षांत किती लोक पाळीत असत हा प्रश्न निराळा. परंतु वनांत जावयाचें तें कांहीं तरी सोडण्यासाठीं, ही कल्पना आमच्या लोकांच्या मनांत चांगली रुजलेली होती. हल्लीं आमच्या वर्गांतील कुटुंबें वनांत जातात तीं सुटीसाठीं, ठरलेल्या दिवशीं परत येण्याच्या बोलीनें, आणि मुख्यतः कांहीं तरी मिळविण्यासाठीं. त्यांत गैर कांहीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वानप्रस्थाश्रम पुन्हां सुरू करावा अशीहि आमची सूचना नाहीं. तिला पहिला विरोध आमच्या घरांतूनच होईल. परंतु जें मिळविण्यासाठीं आपण जातों तें मिळविण्याचा आपणांस हक्क आहे काय, असल्यास तो कोणत्या प्रकारचा, आणि त्याचें मोल कोण देतो, हे प्रश्न प्रवासाचा बेत ठरवितांनाच विचारावयाचे असतात. परत आल्यावर ते विचारून उपयोग नसतो. तोंपर्यंत छायाचित्रें भिंतीवर लागलेलीं असतात.

असा एक बेत नुकताच आमच्या वाचण्यांत आला. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तो मोठ्या मेहनतीनें तयार करून अभिप्रायासाठीं पाठविला होता. मे महिन्याचा दुसरा आठवडा, दोन कुटुंबें, नागपुरास उतरून प्रथम उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, मग ताडोबा, तेथून नवेगांव-नागझिरा आणि शेवटीं पेंच, आठ दिवसांत सात सफारी. कोणत्या ठिकाणीं कोणतें फाटक घ्यावें, त्या फाटकाच्या बाजूस सध्यां कोणती वाघीण पिल्लांसह फिरते, कोणता चालक ‘दाखविण्यांत’ तरबेज आहे, याच्या नोंदी समासांत होत्या. खर्चाचा तक्ता तर इतका चोख होता कीं आमच्या महाविद्यालयाच्या हिशेबनिसानें त्याचा धडा घ्यावा. वाघ न दिसल्यास शेवटच्या दिवशीं एक सफारी वाढवावी, अशीहि तरतूद होती. एवढ्या चार पानांत एकाहि झाडाचें नांव नव्हतें. आणि चालकाखेरीज तेथल्या कोणा माणसाचाहि उल्लेख नव्हता.

मे महिनाच कां, हें अशा प्रवासाचा अनुभव नसलेल्या वाचकांस सांगितलें पाहिजे. विदर्भांतील हीं जंगलें पानझडीचीं. पावसाळ्यांत आणि त्यानंतर कांहीं महिने तीं इतकीं दाट असतात कीं दहा पावलांवरचा गवाहि दिसूं नये. ऊन चढूं लागलें म्हणजे साग उघडा पडतो, गवत वाळून खालीं बसतें, ओढे आटतात, आणि पाणी उरतें तें थोड्याशा डोहांत व वनखात्यानें केलेल्या पाणवठ्यांत. चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या उष्म्यांत तहानलेला प्राणी पाण्यावर येणारच, आणि वाघ तर पाण्यांत अर्धें अंग बुडवून तासचे तास बसून राहतो. म्हणजे मे महिन्यांत वाघ हमखास दिसतो याचा अर्थ एवढाच कीं त्या महिन्यांत त्याला दुसरीकडे जाण्यास जागा नसते. आमची सुटी आणि त्याची अडचण यांचा काल एक पडतो, हा योगायोग मोठा सोयीचा आहे.

आतां कोणी म्हणेल कीं पाहण्यानें कोणाचें काय बिघडतें? पूर्वीं राजेरजवाडे व गोरे साहेब बंदूक घेऊन जात; आपण कॅमेरा घेऊन जातों. ही प्रगति नव्हे काय? आम्ही ती प्रगति मोकळ्या मनानें मान्य करतों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. १९७३ सालीं देशांत पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, त्यांत आपला मेळघाट होता. २००६ च्या गणनेंत देशांतील वाघांची संख्या अवघी १,४११ भरली होती. ती २०२२ च्या गणनेंत ३,६८२ वर गेली, आणि त्यांतील ४४४ महाराष्ट्रांतले. एका गरीब व दाटीच्या देशानें आपल्या मोठ्या हिंस्र पशूस असें परत वाढूं द्यावें, ही गोष्ट जगाच्या इतिहासांत फार ठिकाणीं सांपडणार नाहीं. आणि ह्या कार्यास पर्यटकांच्या पैशाचाहि हातभार लागला आहे, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. फाटकावर जमणारा पैसा व्याघ्रप्रकल्पांच्या प्रतिष्ठानांकडे जातो. मोहर्लीसारख्या गांवांत गाईड, चालक, खानावळवाले अशा कितीएक घरांची चूल त्यावर पेटते.

तथापि बंदूक गेली म्हणून शिकाऱ्याची वृत्तिहि गेली, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. जुन्या शिकारींत हांका नांवाचा प्रकार असे. साहेब मचाणावर बसे, आणि ढोल, डबे वाजवीत शंभर-दोनशें हांकारे वाघास त्याच्या पुढ्यांत आणून सोडीत. त्यांतील मर्म बंदुकींत नव्हतें. जंगलानें आपल्या सोयीनें, आपल्या वेळेवर, आपल्यासमोर हजर झालें पाहिजे, ह्या अपेक्षेंत तें होतें. ती अपेक्षा आजहि तशीच आहे. फरक एवढाच कीं पूर्वीं वाघास माणसाकडे हांकीत, आतां माणसांस वाघाकडे हांकतात. चितळाचा कॉल ऐकूं आला, एका जिप्सीच्या चालकानें दुसऱ्यास खूण केली, कीं दहा गाड्या धूळ उडवीत एकाच वळणाकडे धांवतात.

याचा शेवट कोठें होतो तें ३१ डिसेंबर २०२४ रोजीं दिसून आलें. वर सांगितलेल्या बेतांतील पहिलेंच ठिकाण, म्हणजे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, तेथें एक वाघीण आपल्या पांच पिल्लांसह रस्त्यावर आली असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं तिला पुढून व मागून कोंडलें. तिला वाट मिळेना, पिल्लें गोंधळलीं, आणि गाड्यांतून मोबाइल वर झाले. तीं चित्रें देशभर पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. चालक व गाईड यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. ती योग्यच होती. पण त्या चालकांनीं गाड्या पुढें कां दामटल्या असतील, याचा विचार कोणी करील तर त्यास उत्तर मागच्या बांकांवर बसलेलें सांपडेल. वाघ दिसला तर बक्षिसी मिळते. न दिसला तर उतरतांना मंडळींचीं तोंडें लांब होतात, आणि रात्रीं त्या चालकाच्या नांवें चार ओळी लिहिल्या जातात. कायदा हाताला शिक्षा करूं शकतो. हात ज्या इच्छेनें हलला तिला कोणतें कलम लावावयाचें?

नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ह्या प्रश्नाचें सरळ उत्तर मिळत नाहीं. कांटच्या मतें पशूंशीं दयेनें वागावें तें पशूंचा कांहीं हक्क आहे म्हणून नव्हे. पशूंशीं निर्दयपणें वागणारा माणूस माणसांशींहि तसाच वागूं लागतो म्हणून. बेंथॅमनें हा मानवी अहंकार मोडला, आणि पशूस दुःख होतें कीं नाहीं एवढेंच पाहावें असा दंडक घालून दिला. परंतु गाडींत बसून वाघ पाहण्यानें वाघास दुःख होतें असें कोण म्हणेल? ताडोबाचे वाघ गाड्यांस इतके सरावले आहेत कीं बहुधा ते त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. कांटच्या कसोटीनें येथें क्रौर्य नाहीं, बेंथॅमच्या कसोटीनें फारसें दुःख नाहीं; तरीहि त्या डिसेंबरांतील चित्र पाहून मनास लाज वाटते. ही लाज कशाची?

आमच्या समजुतीप्रमाणें याचें उत्तर आपल्या भाषेंतच आहे. जंगलांतून परतलेले लोक हल्लीं ‘साइटिंग झालें’ असें म्हणतात. हा शब्द कारकुनी नोंदीचा आहे. मालाची पेटी पोंचली, तसें साइटिंग झालें. मराठी माणूस सहज बोलतांना म्हणतो, ‘वाघानें दर्शन दिलें.’ ह्या वाक्याचा कर्ता वाघ आहे. देव दर्शन देतो, संत दर्शन देतात. घेणारानें जावें, उभें राहावें, मिळालें तर घ्यावें. तेथें मागण्याचा अधिकार आहे, वसूल करण्याचा नाहीं. फाटकावर आपण जो पैसा भरतों तो आंत जाण्याचा, दर्शनाचा नव्हे. हें सर्वांस ठाऊक असतें, पण घरीं येऊन हिशेब करतांना एकूण खर्चास दिसलेल्या वाघांच्या संख्येनें भागावयाचें, आणि ‘एक वाघ एवढ्याला पडला’ असें विनोदानें म्हणावयाचें, हा प्रकार आम्हीं एकाहून अधिक दिवाणखान्यांत ऐकला आहे. विनोदांत माणूस बहुधा खरें बोलतो.

येथें कौटिल्याची आठवण होते. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील हेर, मंत्री, कर व दंड यांवर पुष्कळ लिहिलें गेलें. पण दुसऱ्या अधिकरणांत त्यानें सांगितलेल्या दोन मृगवनांकडे लोकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. पहिलें वन राजाच्या विहारासाठीं. त्यास द्वार एकच असावें; भोंवतीं खंदक असावा; आंत गोड फळांचीं झाडें असावींत, कांटेरी नसावींत; पाणी उथळ असावें; हरणें माणसाळलेलीं असावींत; आणि जे हिंस्र पशु असतील त्यांचीं नखें व दांत मोडलेले असावेत. राजाच्या करमणुकींत त्यास धोका व अनिश्चितता दोन्ही नकोत, हें त्या व्यवहारी ब्राह्मणानें चांगलें ओळखलें होतें. दुसरें वन राज्याच्या सीमेकडे किंवा जमीन मिळेल तेथें ठेवावयाचें. त्यास त्यानें जें विशेषण दिलें आहे त्याचा सरळ अर्थ असा कीं तेथें सर्व पशु अतिथि आहेत. येणाऱ्या कोणत्याहि जनावरास तेथें आसरा. ह्या दुसऱ्या वनाचें वर्णन एका वाक्यांत संपतें. तेथें झाडें कोणतीं, पाणी किती खोल, हें तो सांगत नाहीं. कारण तें वन कोणाच्या सोयीसाठीं मांडावयाचें नव्हतें.

आमचे आजचे व्याघ्रप्रकल्प कायद्यानें दुसऱ्या प्रकारचे आहेत. परंतु आमचे बेत पहिल्या प्रकारच्या वनाचे असतात. एक द्वार, ठराविक रस्ते, उथळ पाणवठा, आणि वेळेवर येणारा वाघ. त्याचीं नखें आपण मोडीत नाहीं हें खरें. पण त्याला एक नांव द्यावयाचें, त्याच्या वंशावळी पाठ करावयाच्या, तो कोणत्या दिवशीं कोणत्या वळणावर बसतो याचें वेळापत्रक मांडावयाचें, आणि मग त्याच्याकडे जावयाचें, ह्यांत त्याच्या रानटीपणाचें कांहीं तरी आपण मोडतोंच. कऱ्हांडल्याच्या त्या रस्त्यावर वाघिणीस जें नाकारलें गेलें तें दुःखरहित जीवन नव्हे. निघून जाण्याची मोकळीक तिला नाकारली गेली. जो अतिथि म्हणून आला आहे त्याच्या खोलीचें दार दुसऱ्या पाहुण्यानें बाहेरून लावून घ्यावें, तसें तें झालें. आमच्या मतें लाज वाटते ती ह्याची.

हा विचार येथवर आला म्हणजे मन वाघावरच खिळून राहतें, आणि ज्या माणसांचा त्या बेतांत उल्लेख नव्हता तीं पुन्हां विसरलीं जातात. म्हणून त्यांच्याकडे वळूं.

मे महिना हा वाघ दिसण्याचा महिना, तसाच तो तेंदूपानांचाहि महिना. विड्या वळण्यास लागणारीं हीं पानें एप्रिल-मेमध्यें तोडतात, आणि चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा ह्या भागांतील हजारों घरांची वर्षांतली मोठी रोकड मिळकत त्या थोड्या आठवड्यांत व्हावयाची असते. तोडणारांत स्त्रिया पुष्कळ. ऊन तापण्यापूर्वीं काम उरकावें म्हणून त्या पहांटे निघतात. खुरट्या झुडपांतून वांकून, मान खालीं घालून चालतात. वांकलेला माणूस मागून पाहिला तर माणसासारखा दिसत नाहीं. १० मे २०२५ रोजीं सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. आमच्या विद्यार्थ्यानें सफारीसाठीं निवडलेला आठवडा हाच. त्याच जिल्ह्यांत, त्याच उन्हांत, पहांटेच्या त्याच प्रहरास, एक कुटुंब उघड्या गाडींत उभें राहून वाघ दिसावा म्हणून देवास नवस करीत असतें, आणि एक बाई तो दिसूं नये म्हणून.

वनखात्याचीं माणसेंहि ह्यांतून सुटत नाहींत. २० नोव्हेंबर २०२१ रोजीं ताडोबाच्या गाभा क्षेत्रांत एक तरुण स्त्री-वनरक्षक व्याघ्रगणनेसाठीं खुणा पाहत पायीं चालली होती. पुढें वाघीण बसलेली पाहून ती थांबली, मग वळसा घालून जाऊं लागली; वाघिणीनें तिला गांठलें. ती वाघीण माया या नांवानें प्रसिद्ध होती, आणि तिचीं छायाचित्रें पुण्या-मुंबईच्या किती घरांत असतील त्याची गणना नाहीं. ज्या आंकड्यांचा आम्हीं वर अभिमानानें उल्लेख केला ते असे पायीं चालून मिळतात, हें ते वाचतांना आठवावें.

आणि ताडोबांत जामणीच्या कुरणावर गाडी उभी राहते तेव्हां तेथें पूर्वीं गांव होतें, हेंहि ठाऊक असावें. बोटेझरी, नवेगांव, जामणी हीं गांवें गाभा क्षेत्राबाहेर हलविण्यांत आलीं. त्यांच्या शेतांवर आतां गवत उभें आहे, गवतावर चितळें येतात, चितळांमागें वाघ येतो, आणि वाघामागें आम्ही. स्वखुशीनें स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास पूर्वीं दहा लाख रुपये मिळत, २०२१ पासून पंधरा लाख मिळतात. रस्ता, दवाखाना, शाळा यांच्या आशेनें कांहीं लोक आपण होऊन निघाले, हेंहि खरें. जंगलांत राहणें हें बाहेरून दिसतें तितकें काव्यमय नसतें. तरी चुलीची जागा सोडणारांनीं जें दिलें त्याची आणि आपण फाटकावर दिलें त्याची तुलना करूं लागलें, म्हणजे ‘आम्ही पैसे मोजले आहेत’ हें वाक्य तोंडांतून सहज निघेनासें होतें. फाटकाजवळच्या गांवास रोजगार मिळतो हें उत्तर येथें पुरेसें नाहीं. रोजगार मिळतो तो फाटकाजवळच्या तरुणास. वाघ जातो तो फाटकापासून लांबच्या शिवारांतहि.

ह्यावर आमचे एक कठोर वृत्तीचे स्नेही म्हणतात, मग जाऊंच नका. घरीं बसा, पुस्तकें वाचा. हें उत्तर तर्कास पटण्यासारखें आहे, आणि २०१२ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तें प्रत्यक्षांतहि आलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें त्या काळांत व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील पर्यटनच थांबविलें होतें. पुढें नवे नियम झाले, गाभा क्षेत्राच्या एकपंचमांशाहून अधिक भागांत पर्यटन नसावें असें ठरलें, आणि फाटकें पुन्हां उघडलीं. पर्यटनाचे कैवारी त्या वेळीं सांगत असत कीं पर्यटकांचे डोळे हेच जंगलाचे पहारेकरी. ते गेले तर चोरट्या शिकाऱ्यांस रान मोकळें. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण आम्हांस तो फार पोकळ वाटतो. राजस्थानांतील सरिस्का येथील सर्व वाघ नाहींसे झाले हें २००५ सालीं उघडकीस आलें, आणि तोंपर्यंत तेथें पर्यटक नियमितपणें येत होते. ते वाघ दिसले नाहींत म्हणून हळहळून परत गेले असतील, इतकेंच.

असें असूनहि आम्ही त्या स्नेह्यांच्या मताचे नाहीं. जंगलास आमची गरज आहे म्हणून नव्हे. आम्हांस त्याची आहे. आमच्या वर्गाच्या माणसाचें सारें आयुष्य अशा जागीं जातें जेथें त्याचा शब्द चालतो किंवा त्याचा पैसा चालतो. घरीं, कचेरींत, दुकानांत, आणि आतां देवळाच्या रांगेंतसुद्धां. ज्या जागीं यांपैकीं कांहींच चालत नाहीं, जेथें आपण किती वेळ बसलों, किती दुरून आलों, याची समोरच्यास तिळमात्र पर्वा नाहीं, अशी एखादी जागा माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, अनुभवांत असावी असें आम्हांस फार वाटतें. शाकुंतलांत हरिणामागें रथ घालणारा दुष्यंत तपस्व्याच्या एका शब्दानें बाण आवरतो, आणि पुढें आश्रमांत शिरण्यापूर्वीं अंगावरचे अलंकार व धनुष्य सारथ्याच्या हवालीं करतो. राजाचा राजेपणा तेथें उतरला नसता तर त्याला आश्रम दिसला असता, पण भेटला नसता. अरण्यांत जाण्याचें आमच्या दृष्टीनें जें फळ तें ह्या उतरण्यांत आहे. आणि वाघाची हमी मागणें म्हणजे अलंकार व धनुष्य दोन्ही घेऊन आंत शिरणें. वाघ न दिसण्याचा संभव हा त्या प्रवासांतला दोष आहे असें समजून बेत करणारा, ज्यासाठीं जावयाचें तेंच बेतांतून काढून टाकतो.

ह्या दृष्टीनें आम्हीं त्या बेतांत कांहीं फेरफार सुचविले आहेत. चार अरण्यांऐवजीं दोनच घ्यावींत, आणि एकेका ठिकाणीं चार दिवस राहावें. सातांऐवजीं तीन सफारी पुरेत. उरलेल्या वेळीं बफर क्षेत्रांत, जेथें पायीं फिरण्याची परवानगी असेल तेथें, गाईडास बरोबर घेऊन चालावें. त्याला वाघाविषयीं एकहि प्रश्न विचारूं नये. ऐन, धावडा, बिजा, मोह, कुलू हीं झाडें ओळखावयास शिकवा असें म्हणावें. पांढऱ्या गुळगुळीत सालीचा कुलू चांदण्यांत भुतासारखा दिसतो. तो पाहिल्यावर मुलें वाघ विसरतात, असा आमचा भरंवसा आहे. बक्षिसी पहिल्याच दिवशीं द्यावी, म्हणजे ती कशाबद्दल याचा संशय कोणास राहणार नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’ सर्वांनीं वाचून निघावें; एकाच रानांत मुक्काम ठोकून, वही जवळ ठेवून, जें येईल तें पाहत राहणें किती सुखाचें असतें तें त्यावरून कळेल. सुटी उन्हाळ्यांतच मिळत असेल तर वैशाखी पौर्णिमेची रात्र साधावी. त्या रात्रीं पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम वनखातें करतें. तेथें माणूस एका जागीं स्थिर बसतो आणि फिरणारे फिरतात. रात्रभरांत एक सायाळ आणि दोन रानडुकरें आलीं तरी तेवढेंच लिहावयाचें. पण एकंदरींत आमचें मत हिवाळ्याकडे झुकतें. हिवाळ्यांत गवत उंच असतें, पाणी सगळीकडे असतें, आणि वाघास आपल्यासमोर येण्याचें कांहीं कारण नसतें.

शिवाय एक दिवस माणसांसाठीं ठेवावा. चंद्रपूर जिल्ह्यांतच गोंडपिंपरी तालुक्यांत पांचगांव आहे. वनहक्क कायद्यानें २०१२ सालीं तेथील ग्रामसभेस आपल्या जंगलाचा अधिकार मिळाला. त्या लोकांनीं बांबूवर आपला संसार उभा केला, आणि तेंदूपानांचा हमखास पैसा आपण होऊन सोडला. कां, तर पानांसाठीं झाडें छाटावीं लागतात, जंगलास आगी लागतात. ज्यांस पैशाची गरज आपल्याहून अधिक त्यांनीं जंगलाकडून काय घ्यावयाचें नाहीं तें ठरविलें. त्यांच्याशीं बोलण्यास कांहीं शुल्क पडत नाहीं. आधीं कळवून, त्यांच्या सोयीनें जावें, म्हणजे झालें.

ताडोबांत तलावाच्या कांठीं एका मोठ्या झाडाखालीं तारू देवाचें ठाणें आहे. अरण्यास नांव त्याच्यावरूनच पडलें. तारू हा गोंडांच्या एका गांवाचा प्रमुख; वाघाशीं झुंजतां झुंजतां तो मारला गेला, आणि लोकांनीं त्यास देव मानलें, अशी कथा सांगतात. १९५५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें, राज्यांतलें तें सर्वांत जुनें. देव त्याहून पुष्कळ जुना. पौषांत त्याची यात्रा भरत आली आहे. आतां संरक्षित क्षेत्रांत परवानगीवांचून कोणासच शिरतां येत नाहीं, त्यामुळें त्याच्या भक्तांसहि नियम पाळूनच आंत जावें लागतें, आमच्यासारखेंच. ते पूजा करतात, नवस फेडतात, आणि दिवस मावळण्यापूर्वीं परत फिरतात. वाटेंत वाघ आडवा येऊं नये, एवढीच त्यांची प्रार्थना असावी, असें आम्हांस वाटतें.